आईसाठी सात सीटची गाडी

आदिनाथनं गाडी आईसाठी घेतली. हे त्यानं कंपनीच्या बसमध्ये सांगितलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांगितलं, सासुरवाडीला फोन करून सांगितलं, आणि ज्यांनी विचारलंच नव्हतं त्यांना तर थांबवून सांगितलं. आईलाही सांगितलं होतं म्हणा. विचारलं तेवढं नव्हतं.

आई म्हणजे पुतळाबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बसची पायरी चढायची तर खालून एकानं ढकलायचं आणि वरून एकानं ओढायचं. तिची मागणी एकच होती, आणि ती दोन वर्षांत बदलली नव्हती: माहेरी जाऊन भावाला भेटायचं. भाऊ गेनबा तिच्याहून थोरला, चाकणच्या पुढं भामा नदीच्या अंगाला एका वाडीत राहायचा. फोन होता, पण म्हातारा फोनवर काय बोलायचा? ‘बरी हाय का?’ ‘बरी हाय.’ ‘बरं, ठेवतो.’ आणि ठेवायचा. मग पुतळाबाई बराच वेळ हातातल्या फोनकडं बघत बसायची.

आता चाकण म्हणजे काही काशी नव्हे. आदिनाथ चिखलीत राहायचा खरा, पण रोज चाकणलाच तर जायचा. तिथल्या एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीत तो फायनल इन्स्पेक्शनला होता. तयार गाडी त्याच्यासमोर यायची, तो दारं उघडून-लावून बघायचा, रंगावरून बोट फिरवायचा आणि सही करायचा. मामाची वाडी कंपनीच्या गेटपासून अर्ध्या तासावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. पण मामाकडं जायचं तर आईला घेऊन, आणि आईला न्यायचं तर स्वतःच्या गाडीतून, असं त्याचं ठरलं होतं. माणसाला काही तत्त्व नको का?

खालच्या गल्लीतला गॅरेजवाला करीम त्याला दोनदा म्हणाला होता की माझी व्हॅन रिकामीच उभी असते, मावशीला सोडून येतो, स्टूल ठेवून चढवतो, पैशाचं नाव काढू नका. आदिनाथ हसला. गाड्यांच्या कंपनीतला इन्स्पेक्टर, आणि त्याची आई माहेरी जाणार कुणाच्या तरी डबड्या व्हॅनमधून? वाडीतली माणसं तोंडात शेण घालतील. ‘करीमभाई, गाडी याच महिन्यात येतेय,’ तो म्हणाला. करीमनं मान डोलावली. पुढच्या महिन्यातही त्याला हेच ऐकायला मिळालं, मग त्यानं विचारणं सोडलं.

गाडीला उशीर व्हायला कारणं होती. घरात चार माणसं आणि मतं चौदा. सात सीटची घ्यायची एवढ्यावर मात्र एकमत, कारण ‘आईला ऐसपैस बसता यायला पाहिजे.’ बायकोला, पुनमला, मधल्या ओळीत दोन सुट्या आरामखुर्च्या असलेली गाडी आवडली. मग सीट सहाच होतात, हे आदिनाथनं दाखवून दिलं. आपण माणसं चारच आहोत, हे पुनमनं दाखवून दिलं. मुलगी हर्षाली ताथवड्याला इंजिनिअरिंगला होती, तिला छत उघडणारी गाडी हवी होती. ‘चाकणच्या रस्त्यावर छत उघडून बघणार काय?’ आदिनाथ म्हणाला, ‘कंटेनरचा धूर?’ पण महिनाभरानं बसमधल्या कुणीतरी छत उघडणारी गाडी बुक केल्याचं त्याला कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो शोरूममध्ये छताची चौकशी करताना दिसला.

शोरूमला विक्की नावाचा पोरगेला सेल्समन होता. ‘सर’ या शब्दावर त्याचं घर चालत होतं. सर, खालच्या मॉडेलमध्ये मागं कॅमेरा नाही. सर, मधल्यात कॅमेरा आहे पण छत नाही. सर, वरच्यात सगळं आहे. सगळं होतं, तशी किंमतही होती. आदिनाथ कंपनीचा माणूस म्हणून त्याला सूट मिळायची, ती सूट विक्कीनं एका हातानं दिली आणि सीट कव्हर, बॉडी कोटिंग, हँडलिंग चार्ज अशा नावांनी दुसऱ्या हातानं परत घेतली. आदिनाथनं विमा बाहेरच्या एजंटाकडून काढायची धमकी दिली. विक्कीनं ती हसून ऐकली. अशा धमक्या तो चहाबरोबर रोज पचवत असावा.

मग वाढीव वॉरंटीचा विषय निघाला. आदिनाथ ताठ बसला. ‘ज्या गाडीवर मी सही करून बाहेर काढतो, तिच्या वॉरंटीला मीच पैसे भरू?’

‘सर, तुम्हीच विचार करा,’ विक्की म्हणाला. ‘तुमच्याइतकं आतलं कुणाला माहिती असणार?’

आदिनाथनं विचार केला आणि वाढीव वॉरंटी घेतली. स्वतःच्या सहीची किंमत त्याला आजवर एवढी स्वच्छ कधी कळली नव्हती.

आणि खरं घोडं पेंड खात होतं ते इथंच. आतलं माहिती होतं, हाच त्याचा रोग. महिनाअखेरीला कंपनीत काय चालतं ते बाहेरच्याला ठाऊक नसतं. आकडा पुरा करायचा असतो, माणसं डबल शिफ्टला थांबतात, साहेब घड्याळाकडं बोट दाखवत मागं उभा राहतो, आणि दाराची फट जरा जास्त असली तरी ‘जाऊ दे रे, भावा’ म्हणून गाडी पुढं ढकलली जाते. ढकलणारा अर्थात आदिनाथच. लोकांच्या गाड्या त्यानं वर्षानुवर्षं अशा ‘जाऊ दे रे’ केल्या होत्या. स्वतःची मात्र त्याला महिन्याच्या मध्यावरची, पहिल्या शिफ्टची, सुटीची सुस्ती असलेला सोमवार सोडून इतर वाराची हवी होती.

राखीच्या आधी त्याच्या नावावर एक गाडी आली. पुतळाबाईनं भावासाठी राखी आणून ठेवली, नवं लुगडं काढून ठेवलं. आदिनाथनं गाडी बनल्याची तारीख बघितली, तर महिनाअखेर. परत पाठवली. राखी शेवटी पोस्टानं गेली. मग दसऱ्याला दुसरी आली, ती मध्यावरची होती, पण सोमवारची. तीही नको म्हणाला. विक्कीच्या तोंडचं ‘सर’ एवढं बारीक झालं की ऐकूच येईना. तोवर किंमतही थोडी वर सरकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण हा शहाणा बैल बदलून मिळायची वाट बघत बसला होता.

या सगळ्यात पुतळाबाई एकदाच बोलली. दसऱ्याला सोनं देताना ती म्हणाली, ‘आदिनाथा, कसली बी चालंल रं मला. दादा थकलाय.’ आदिनाथला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यानं आईचा हात हातात घेतला आणि तिला नीट समजावलं की घाईत गाडी घेतली तर आयुष्यभर पस्तावायची पाळी येते.

शेवटी दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी आली. वार बरोबर, तारीख बरोबर, शिफ्टही बरोबर. शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल कापड टाकलं, ते ओढताना फोटो काढला, पेढे वाटले. पुनमनं चाकांखाली लिंबं ठेवली. मागच्या काचेवर आदिनाथनं मोठ्या अक्षरात ‘आईची पुण्याई’ लिहून घेतलं. आईला शोरूमला आणलं नव्हतं, तिथं चढउतार फार म्हणून. संध्याकाळी पार्किंगमध्ये तिला खुर्चीवर बसवून गाडी दाखवली. तिनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, ‘मग उद्या भाऊबीजंला निघायचं न्हवं?’

निघायचं, असं आदिनाथ म्हणाला. आणि सकाळी उठून खाली गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि त्याच्या डोळ्यांपुढं सणाच्या दिवसाचा चाकण चौक उभा राहिला. कंटेनर, दुचाक्या, उसाचे ट्रॅक्टर. नव्या गाडीला पहिल्याच दिवशी ओरखडा? तो वर आला आणि म्हणाला की आज गर्दी फार, येत्या रविवारी निवांत जाऊ, मामा कुठं पळून चाललाय. पुतळाबाईनं लुगड्याची घडी उकलली होती, ती पुन्हा घातली.

दुपारी दाराची बेल वाजली. दारात गेनबा. डोक्याला फेटा, हातात काठी, खांद्यावर तांदळाची पिशवी. वाडीतून येष्टीनं चाकण, चाकणहून पीएमटीनं भोसरी, तिथून रिक्षा. पीएमटीत बसायला जागा मिळाली नव्हती. घाम पुसत म्हातारा म्हणाला, ‘भाऊबीजंला भावानंच यायचं असतंय. म्हटलं हिला कशाला तरास.’

पुतळाबाई त्याच्या गळ्यात पडून रडली. लहान पोर रडतं तशी, आवाज काढून. पुनमनंही डोळ्याला पदर लावला. आदिनाथ पाणी आणायला आत गेला आणि लागलं त्याहून जास्त वेळ आत राहिला. मग ओवाळणं झालं, जेवणं झाली. गेनबानं बहिणीला खण दिला आणि भाच्याच्या गाडीचं कौतुक खिडकीतून तीनदा वाकून बघत केलं.

संध्याकाळी त्याला परत बसस्टॉपवर सोडणं शक्यच नव्हतं. गर्दी असो नाहीतर काही असो, आता गाडी काढणं भाग होतं. आईही निघाली. दोघांना मधल्या ओळीत बसवायचं ठरलं. गेनबाच्या वहाणांना भातखाचरातला चिखल वाळून बसला होता. आदिनाथनं डिकीतून वर्तमानपत्र काढून सीटखाली पसरलं, कोपरे नीट दाबले, आणि मग म्हणाला, ‘या मामा, बसा.’

गेनबा वर्तमानपत्राकडं बघत क्षणभर उभा राहिला. मग वाकला, वहाणा काढल्या, एकमेकींवर आपटून झटकल्या आणि अनवाणी आत चढला. वहाणा त्यानं मांडीवर घेतल्या. अख्खा रस्ता तो तसाच बसला, दोन्ही हातांनी वहाणा धरून, पाय जरा उचललेले. आदिनाथनं आरशातून बघितलं. खोटं कशाला सांगा, आधी त्याला बरं वाटलं. चाकण चौकात गाडी अडकली, तेव्हा त्यानं पुन्हा बघितलं. आईही मामाच्या मांडीकडंच बघत होती. तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान पुढं वळवून तो समोरच्या ट्रकचा नंबर वाचत बसला. ‘मामा, खाली ठेवा हो,’ असं म्हणायला तोंड उघडलं, पण आता म्हणून उपयोग नव्हता.

वाडीत पोचल्यावर गेनबा उतरला, मातीवर पाय टेकले आणि मग वहाणा घातल्या. ‘लई झ्याक गाडी हाय, भाच्या,’ तो मनापासून म्हणाला आणि काठी टेकत घराकडं वळला. आदिनाथनं आईला हात देऊन खाली उतरवलं. गाडी वळवून ठेवतो, तासाभरानं निघू, असं तो म्हणाला.

‘तू नीघ,’ पुतळाबाई म्हणाली. ‘मी ऱ्हाते हितं.’

‘किती दिवस? न्यायला कधी येऊ?’

‘न्यायला नगं. भेटावंसं वाटलं तर ये.’ ती दोन पावलं चालली, थांबली, आणि वळून न बघता म्हणाली, ‘पर गाडी घरी ठिवून ये. येष्टीनं ये, माझा भाऊ आला तसा.’

आदिनाथ दाराला हात लावून उभा राहिला. आई काठीवाल्या भावाच्या खांद्याला धरून घराची पायरी चढली, आणि तिला ढकलायला किंवा ओढायला कुणी लागलं नाही.