साबणावरची जीप

मी जीपखाली होते आणि पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. टाकीच्या बुडाला बोट लावलं, तर बोट बुळबुळीत झालं.

"अण्णा, हितं काय लावलंय?" मी खालूनच विचारलं. गाडीखालून मला बोलायला सोपं जातं. समोरच्याचं तोंड दिसत नाही.

"साबण," आंबवड्याचे अण्णा म्हणाले. "अंगाचा. कपड्याचा टिकत न्हाई."

भोरच्या आमच्या नवरा-बायकोच्या गॅरेजात इंजिन हे बघतात, गाडीखालची कामं माझी. साबणाची युक्ती जुनीच आहे. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून बारीक भोकावर घासला की गळती थांबते. गाडी घरापर्यंत न्यायला ती पुरते. अण्णांनी त्यावर दोन पावसाळे काढले होते.

"आमच्या घरात सगळ्यात जास्त आंघोळ जीपची," त्यांच्या मंडळी, अक्का, म्हणाल्या. "मानसांनी आपलं नुसतं पानी घ्यायचं."

हे हसले. मला हसू आलं नाही. दोन दिवसांनी अण्णांच्या धाकट्या लेकीचं, संगीताचं लग्न होतं. थोरल्या दोघी याच जीपमधून सासरी गेल्या होत्या, आणि संगीतानं दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही असं सांगून टाकलं होतं. पाठवणीला फटाके वाजणार. जीपच्या शेजारीच.

"वेल्डिंग मारा की," अण्णा म्हणाले.

"रिकाम्या टाकीतबी वास राहतो," मी म्हटलं. "ठिणगी पडली तर टाकी फुटंल. आणि वेल्डिंग मारायला पत्रा कुठं उरलाय? निम्मा साबणच हाय."

"मग टाकी बदला. पर पोरगी जाईल ती ह्याच गाडीतनं."

बोलायला सोपं होतं. या मॉडेलची टाकी आता दुकानात मिळत नाही. भोरमध्ये फिरून झालं. शेवटी हायवेवरचे भंगारवाले सलीमभाई म्हणाले, "तशी जीप तोडली होती मी. टाकी पालीच्या पारूमावशींनी नेली."

"त्यांच्याकडं जीप हाय?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई. छप्पर हाय."

टेम्पो काढून आम्ही पालीला गेलो. राजगडाखालचा वारा गोठ्याचे पत्रे उडवतो, म्हणून लोक वर दगड, टायर, काय सापडेल ते ठेवतात. मावशींच्या गोठ्यावर टाकी होती. तोंडात चिंधी कोंबलेली, बूड शाबूत.

ह्यांनी बोलणी सुरू केली. मावशींनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"पत्रा उडाला तर म्हस तुमच्या घरी बांधू का?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता लपायला गाडी नव्हती. मी पदर सारखा केला आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "मावशी, एका पोरीची पाठवणी अडलीय. तुमची टाकी द्या. तिच्या बापाची टाकी तुमच्या पत्र्यावर ठिवते. रेतीनं भरून."

मावशींनी वर पत्र्यावरच्या टाकीकडं पाहिलं. "हिच्यापरीस जड व्हईल?"

"दुप्पट."

"मग आधी ती चढवा, मग ही उतरवा."

तसंच झालं. आम्ही परत जाऊन अण्णांची टाकी काढली, धुतली, रेती भरून पत्र्यावर चढवली. मगच मावशींनी आपली सोडली.

ती टाकी गॅरेजात आणून आत बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून दोघांनी खूप हलवली. आतला गंज अशानं सुटतो.

"हिलाबी साबणच," हे म्हणाले.

"पण आतून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हात कडकडीत वाळवली. टाकी ज्यांवर टांगतात त्या पट्ट्यांखाली रबर घातलं, नळ्या नव्या लावल्या, पेट्रोल भरलं आणि खाली कोरडा पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडाच होता.

संगीता रडत जीपमध्ये बसली. फटाके वाजले. अण्णा रडता रडता दोनदा वाकून टाकीखाली बघून आले. अक्कांनी त्यांच्या खिशातली साबणाची वडी काढून घेतली.

महिन्याभरानं पारूमावशींचा फोन आला.

"अगं, तुझी टाकी गळतीया. पत्र्याच्या फटीतनं समदी रेती म्हशीच्या पाठीवर!"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन ओढून घेतला. "मावशी, साबण लावा. अंगाचा."

तेव्हापासून जुनी टाकी कुणालाही, कशासाठीही द्यायची झाली, तरी मी भोक बुजवूनच देते.