बेनीची पुण्यतिथी

चहा आधी संपवून घ्या, हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला आणि सोफ्याचं कव्हर धुवायला टाकावं लागलं. तसे माझ्या हातून घोटाळे होतच असतात, पण हा घोटाळा त्या सगळ्यांचा बाप आहे!

मी मिलिंद. नोकरी वसईजवळ सातिवलीला, प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका युनिटमध्ये. घर त्याच भागात, बोळिंजला. आणि जीव पॉप आणि रॉक संगीतात. तोही तारीखवार! कुठल्या बँडचा पहिला अल्बम कधी आला, कुठला ड्रमर कधी जन्मला, कुठला गिटारवाला कधी भांडून बाहेर पडला, सगळं तोंडपाठ.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये दर रविवारी संध्याकाळी गाण्यांचा कट्टा भरतो. कराओके लावून जो तो आपापल्या वकुबाप्रमाणे शेजाऱ्यांना छळतो. त्या कट्ट्याच्या ग्रुपवर रोज सकाळी 'आजचा दिनविशेष' टाकायचं काम माझं. परदेशातल्या एखाद्या केसाळ गायकाचा वाढदिवस रविवारी आला की आम्ही त्याच्या नावाने केकसुद्धा कापतो. बोळिंज नावाचं काही आहे हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसतं, पण म्हणून केक सोडायचा का?

माझी बायको शुभदा म्हणते, "सातासमुद्रापलीकडच्या लोकांचे वाढदिवस बरे लक्षात राहतात तुझ्या!" मी ते कौतुक समजतो.

तर एका रविवारी आमचे राऊत काका मला म्हणाले... राऊत काका म्हणजे किनाऱ्याकडचे वाडीवाले, केळी आणि नारळ अजून घरचे, आणि बोलणं एकदम रोखठोक.

"काय रे मिलिंद, तुझे देव सगळे लंडन-अमेरिकेतलेच का? आपल्या वसईत काय रॉकवाले झाले नाहीत?"

"वसईत?"

"मग! आमच्या तरुणपणी 'सिल्व्हर अँकर्स' म्हणून पोरांचा बँड होता. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, बेलबॉटम, सगळा थाट. आणि गाणारा बेनी! काय गळा रे त्याचा! लग्नाच्या मांडवात तो उभा राहिला की नवरा-नवरीकडे कोणी बघायचं नाही."

अहो, माझ्या अंगावर काटा आला! घराजवळ एवढा इतिहास पडलाय आणि मी आपला जगभर केक कापत फिरतोय!

"आता कुठे असतात ते?"

"पांगले सगळे. बेनीचं म्हणशील तर कोळीवाड्यातल्या फिलू मावशीला विचार. तिला सगळ्यांची खबर असते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि स्कूटर काढून थेट कोळीवाडा गाठला. फिलू मावशी घराच्या ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. वय झालेलं, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं मांजर थबकावं. मी आपली ओळख दिली आणि बेनीचं नाव काढलं. तिचा हात थांबला.

"त्याचं नाव कुठून काढलंस रे बाबा? बस. पानी पी."

मी पाणी प्यायलो. मावशी समुद्राकडे बघत, हातातला बोंबील टोपलीत आपटून म्हणाली, "मेला, गेला तो!"

एका दमात दोन्ही क्रियापदं! माणसाची खात्री पटायला आणखी काय लागतं?

"अरेरे! कधी हो मावशी?"

"चर्चच्या सनाच्या दुसऱ्या दिशी. पहाटेच गेला. कोनाला सांगनं नाही, काय नाही. आदल्या दिशी मांडवात गात होता, सकाळी बघतो तर नाही! सगळा गाव रडला रे."

"हार्ट का?" मी हळूच विचारलं.

"हार्टच म्हनायचं! काळीज दगडाचं होतं मेल्याचं!"

म्हणजे रक्तवाहिन्या कडक झाल्या असणार, असं मी मनात धरलं. आहे ना हुशार?

मावशीने पदराने नाक पुसलं. "माझं लगीन तोंडावर आलं होतं. पहिलं गानं मीच गानार, फिलू, असं बोलला होता. शेवटी रेकॉर्ड लावून लगीन लागलं माझं."

मला तर गहिवरून आलं. निघताना तिने भिंतीवरची एक जुनी तसबीर काढून दिली. मांडवात चार पोरं, आणि मधोमध काळा चष्मा लावलेला, खांद्यापर्यंत केस सोडलेला बेनी. मी जागच्या जागी ठरवलं की यंदा बेनीची पुण्यतिथी बोळिंजला साजरी होणार. चर्चचा सण जवळच आला होता, आणि त्याचा दुसरा दिवस नेमका रविवार!

"मावशी, बेनींच्या नावाने कार्यक्रम करतोय. तुम्ही पाहुण्या म्हणून यायचं. मी रिक्षा पाठवतो."

"येईन ना! इतक्या वर्षांनी कोनी आठवन काढली त्याची!"

मग काय, मला चेवच चढला. तसबीर मनवेलपाड्यातल्या फोटोवाल्याकडे मोठी करायला दिली. बाकीची तीन पोरं कापून एकटा बेनी काढायला सांगितला. "गेलेत का?" एवढंच त्याने विचारलं आणि बेनीच्या मागे निळं आकाश, पांढरे ढग आणि वरून सोनेरी किरणं टाकून दिली. बेलबॉटम घातलेला बेनी थेट स्वर्गाच्या दारात उभा! चंदनाचा हार आणला. मग आठवलं, माणूस ख्रिस्ती. म्हणून मोठी मेणबत्तीही आणली. कमी पडायला नको!

शुभदाने एकदाच विचारलं, "मिलिंद, नीट चौकशी केलीस ना?"

"अगं, प्रत्यक्ष साक्षीदार आहे!"

सगळ्या विंगच्या लिफ्टमध्ये पोस्टर लागलं. 'कै. बेनी यांच्या पुण्यतिथीनिमित्त स्वरांजली.' पोस्टर चिकटवत होतो तेव्हा सी विंगचे अंकल लिफ्टमध्ये शिरले. हे अंकल कट्ट्यावर दर रविवारी यायचे. डोक्यावर कायम टोपी. कधी गायचे नाहीत. मागे बसायचे आणि माइक खरखरला की उठून वायर नीट करून द्यायचे. मुलाकडे राहायला आलेत, एवढंच मला ठाऊक.

पोस्टर वाचून ते म्हणाले, "पुण्यतिथी? कोणी सांगितलं तुला?"

"खात्रीलायक माहिती आहे, अंकल! फार मोठा कलाकार होता. अकाली गेला."

"अरे, पण ऐक जरा. तो बेनी..."

"तुम्ही ओळखत होता?"

"ओळखत म्हणजे, जरा जास्तच."

"मग बोला ना तुम्ही! कार्यक्रमात शेवटी दोन मिनिटं देतो तुम्हाला. पण दोनच हं, लोक कंटाळतात."

अंकल पोस्टरवरच्या त्या किरणांमधल्या बेनीकडे बघून म्हणाले, "कोण कोण येणार आहे?"

"राऊत काका आहेत, गावाकडून फिलू मावशी येतायत."

"फिलू येणार?" त्यांचा आवाज जरा बसला. तळमजला आला होता, मी उतरलो. बघा, तिथे एक मिनिट थांबलो असतो तर! पण मला चिकटपट्टी संपायच्या आत डी विंग गाठायची होती.

रविवारी हॉल भरला. टेबलावर फोटो, फोटोला हार, पुढे मेणबत्ती. राऊत काका पहिल्या रांगेत. मावशीची रिक्षा कुठेतरी अडकली होती, म्हणून तिची खुर्ची रिकामी ठेवून मी सुरुवात केली. आणि काय बोललो म्हणून सांगू! "काळाने घाला घातला! सूर विरले! गिटारची तार तुटली!" दोन बायकांनी डोळे पुसले. माझेही भरून आले. मागच्या रांगेत अंकलनी हात वर केला.

"अंकल, तुमची दोन मिनिटं शेवटी," मी माइकवरून प्रेमाने सांगितलं. "आता आपण सर्व जण उभे राहून दिवंगत बेनींना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. अंकलही राहिले. टोपी काढून, मान खाली घालून, अगदी शिस्तीत!

त्या शांततेत दार उघडलं आणि फिलू मावशी आत आली. ठेवणीतलं लुगडं, अंगावर सोनं, केसांत अबोलीचा गजरा, चेहऱ्यावर हसू. दोन पावलं पुढे आली, समोरचा फोटो पाहिला, हार पाहिला, मेणबत्ती पाहिली.

"अगो बाय माझे!"

हॉलच्या काचा हलल्या. मावशी टेबलाशी धावली आणि फोटोला धरून रडायला लागली. मी घाईघाईने तिच्याजवळ गेलो. माइक हातातच होता, चालू.

"मावशी, शांत व्हा. आता इतकी वर्षं झाली."

"इतकी वर्षं? आनि मला कोनी सांगितलं नाही? मेला पयल्यांदा गेला तवा पन न सांगता गेला, आनि आता पन तसाच गेला!"

मला काही कळेना. "पहिल्यांदा म्हणजे? माणूस जातो तो एकदाच ना, मावशी?"

"अरे, पयल्यांदा कुवेतला गेला ना!"

कुवेत! हा शब्द स्पीकरमधून हॉलभर घुमला. कुवेत... कुवेत... राऊत काकांनी कपाळावर हात मारला. शुभदाने डोळे मिटून घेतले. आणि मला तो ओटा, ते बोंबील, ते 'मेला, गेला' सगळं एकदम पुन्हा ऐकू आलं. या वेळी बरोबर ऐकू आलं!

तेवढ्यात मागून हळूच आवाज आला.

"फिलू, रडू नको गो. मी हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. सी विंगचे अंकल रांगेतून वाट काढत पुढे येत होते. टोपी हातात, टक्कल ट्यूबलाइटखाली चमकतंय.

मावशीने रडं थांबवून त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "हा टकला कोन?"

"बेनी."

"जा रे! बेनीला केस किती होते!"

"कुवेतच्या पान्याने गेले. पन तुझ्या लग्नातलं गानं अजून माझ्याकडे बाकी हाय."

मावशीचा हात तोंडावर गेला. मग पुढे झाली आणि त्यांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, मग दुसरी, आणि मग तोच दंड धरून पुन्हा रडायला लागली. दर रविवारी भेटूनही त्या टोपीखालचा बेनी न ओळखलेले राऊत काका डोळे चोळत होते.

मी माइक पुढे केला. "अंकल, तुमची दोन मिनिटं..." दुसरं काय सुचणार होतं मला?

त्यांनी माइक घेतला. "मी बेनीला ओळखत होतो," ते म्हणाले, "म्हणून सांगतो. तो वाईट नव्हता, घाबरट होता. नोकरीचा व्हिसा एकाएकी आला. घरी बहिणी लग्नाच्या होत्या. लग्नांच्या ऑर्डर घेऊन ठेवलेल्या. निरोप घ्यायला गेलो तर पाय निघणार नाही, म्हणून अंधारातच निघालो. मग जेवढा उशीर होत गेला तेवढी लाज वाढत गेली. बायको गेल्यावर मुलाने इथे आणलं. गाव एवढं जवळ, पण कोळीवाड्याच्या वाटेला पाऊल पडेना. लिफ्टमध्ये हे पोस्टर पाहिलं. म्हटलं, जिवंतपणी जायची हिंमत नाही, मेल्यावर तरी सगळ्यांना भेटून घेऊ."

"आणि मी बोलूच दिलं नाही तुम्हाला!" मी म्हणालो.

"कधीच देत नाहीस तू," अंकल म्हणाले, आणि मग हॉल जो हसला!

मावशी खुर्चीत बसली, पदर सावरला, गजरा नीट केला. "बोलनं पुरे. गा आता."

"आवाज राहिला नाही गो."

"माझं तरी काय राहिलंय? गा!"

कराओके नाही, गिटार नाही. अंकलनी गावच्या बोलीतलं लग्नाचं गाणं धरलं. वरच्या सुराला आवाज फाटला, थोडं थांबले, खालून पुन्हा घेतलं. मावशी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका देत होती. दुसऱ्या कडव्याला राऊत काकांनी सूर मिसळला आणि त्यांच्या तोंडून तो चक्क बरा लागला. शुभदाने माझा हात धरला होता. मी रडत होतो की काय ते विचारू नका.

गाणं संपल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "आता कुठं जायचं असेल तर सांगून जायचं. समजलं?"

"समजलं," अंकल म्हणाले. शाळेतल्या पोरासारखं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सूत्रसंचालक मी! आभार मानल्याशिवाय कार्यक्रम संपतो कसा? डोळे पुसत अंकलकडून माइक परत घेतला. पाहुण्यांचे आभार मानले, सोसायटीचे मानले, रिक्षावाल्याचेही मानले. आणि त्या भरात, आठवडाभर आरशासमोर घोटून पाठ केलेलं शेवटचं वाक्य, अंकलकडे बघून, त्यांचा हात हातात घेऊन, अगदी मनापासून बोलून गेलो.

"ईश्वर बेनींच्या आत्म्यास चिरशांती देवो!"

अंकलनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि माइक आपल्याकडे ओढला.

"आमेन," ते म्हणाले. "पण त्याला सांग, घाई नाही."