रायसेन रोडवर थांबलेली दुसरी डबी

देवावर माझी श्रद्धा होती, पण त्याच्यावर एखादं काम सोपवून स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. भोपाळच्या कारखान्यात यंत्रं तपासण्यात हयात गेलेली. प्रार्थनासुद्धा मी हाताखालच्या माणसाला सूचना दिल्यासारखी करायचो. गाडीच्या बाबतीतही तेच. आमची गाडी दोन दारांची, फायबरच्या अंगाची. टाउनशिपमध्ये तिला सगळे ‘डबी’ म्हणत. सुटे भाग मिळत नसत, आणि ती दारात दिसली की मेकॅनिकला एकदम भूक लागून तो जेवायला सटकायचा. मी मात्र तिच्यावर जीव टाकायचो. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू द्यायचो नाही.

खंडेनवमीच्या सकाळी, नुकतीच हत्यारांची पूजा आटोपली होती, तेवढ्यात आईला दम्याचा झटका आला. ओठ निळे पडू लागले. शेजारचे तिवारीजी धावत आले, “ऑटो ले आऊँ, भाईसाहब?”

“अजी, एक सेल्फ में उठेगी!” मी म्हणालो.

पुढची सीट वाकवून आईला कसंबसं मागे बसवलं. शेजारी बायको बसली. डबी उठली नाही. मग मी आणि तिवारीजींनी धक्का मारत तिला उतारावरून थेट रायसेन रोडपर्यंत आणलं. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. तिवारीजी ऑटो शोधायला पळाले, पण नवमीच्या दिवशी रस्ता रिकामा. मी बॉनेटमध्ये डोकं घालून ही वायर ओढ, ती वायर खुपस, आणि तोंडाने, “माते, फक्त एक स्पार्क दे.”

आतून बायकोचा आवाज आला, “अहो, पुरे आता. नुसते हात जोडा.”

मागे आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी हात जोडले. मागायलाही काही सुचेना. माझे हात असे रिकामे कधीच नव्हते.

समोरून एक हिरवी डबी आली. हुबेहूब आमच्यासारखी! गावात दुसरी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. साठीचे एक गृहस्थ उतरले. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, मग बॉनेटमध्ये वाकून डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं.

“भाईसाहब, इसका रोटर कहाँ है?”

मी वाकून पाहिलं, जागा रिकामी. रोटर म्हणजे त्या टोपणाखाली फिरणारा बोटाएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय स्पार्क नाही. गाडीचं काळीज म्हणून मीच तो आदल्या संध्याकाळी काढून, पुसून, पान्यांच्या रांगेत पूजेला मांडला होता.

“पूजा में है,” मी पुटपुटलो.

ते हसले नाहीत. आईला त्या अरुंद दारातून पुन्हा बाहेर काढण्यात जीव गेला असता, हे त्यांना सांगावं लागलं नाही. स्वतःच्या गाडीतला रोटर उपसून त्यांनी आमच्यात बसवला. “निकलिए. मेरी यहीं खड़ी है.”

डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

दुपारी आई झोपल्यावर, घरून पूजेतला रोटर उचलून मी परतलो. हिरवी डबी तिथेच होती. ते गृहस्थ दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून डुलकी घेत होते. जागे होताच त्यांनी विचारलं, “माताजी?”

“ठीक हैं.” त्यांचा रोटर काढून हातात देताना माझ्याने राहवेना. “नाम तक नहीं पूछा आपने. मैं न लौटता तो?”

“इतना सोचने बैठता, तो माताजी को देर हो जाती,” ते म्हणाले आणि बॉनेट उघडायला गेले.

त्यांना कुणी पाठवलं, या वादात मी पडत नाही. आई पुढे बरीच वर्षं जगली, आणि रोज डबीला नावं ठेवत जगली. तेवढं मला पुरे आहे. मी मात्र आजवर देवाला जे जे वाहिलं, ते संध्याकाळी उचलून परत घ्यायच्या बेतानेच. देऊन टाकून निवांत झोपी जाणारा माणूस मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्याच त्याला हात जोडले.