शंभर पावलं जास्तीची

त्या हॉस्पिटलात वाट चुकणं हा काही कमीपणा नव्हता. बांधणाऱ्यांनी तशी सोयच करून ठेवली होती. जुन्या इमारतीला नवी जोडली, नवीला त्याहून नवी. एक्स-रे तळमजल्यावर, रिपोर्ट तिसऱ्यावर, आणि तो वाचणारे डॉक्टर कुठे, ते देवाला ठाऊक. देवाखालोखाल मावशींना.

मावशी स्ट्रेचर ढकलायच्या. एकोणीस वर्षं. तोरा असा, की मोठ्या डॉक्टरांनाही "सरका हो जरा बाजूला" म्हणायला कचरत नसत. खरं सांगायचं तर तो तोरा त्यांना शोभायचाही.

मग एक तरुण इंजिनीअर नकाशे घेऊन आला. जमिनीवर रंगीत पट्ट्या मारायच्या होत्या. पट्टी धरून चालत गेलं की माणूस बरोबर पोचणार, कुणाला विचारायला नको. मावशींना कल्पना आवडली. पण ऑपरेशन थिएटरची निळी पट्टी त्यानं खडूनं आखली, ती मागच्या बोळातून. त्या बोळात शवागाराचं दार होतं. रंग दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होता, आणि एकदा लागला की दहा वर्षं निघणार नव्हता.

"साहेब, ही पट्टी इथनं नका नेऊ."

"मावशी, हीच सगळ्यात जवळची वाट आहे. पेशंटला सहज नॅव्हिगेट करता आलं पाहिजे."

"ते काय असतं?"

विचारलं म्हणून गडी खूश झाला. "मूळ शब्द जहाजाचा. समुद्रातून जहाज नीट पलीकडे न्यायचं. मग विमानाला लागला, गाडीला लागला. आता मोबाइलवर हवं ते शोधून काढणं, कचेरीतली कामं पार पाडणं, इतकंच काय, अवघड प्रसंगातून निभावून जाणं, सगळ्याला तोच शब्द."

"म्हणजे नुसतं पोचणं नव्हे?"

"नाही, नाही. नीट पार पडणं."

"मग झोपा."

"अं?"

"स्ट्रेचरवर झोपा म्हणते. पेशंट काय नाचत जातो ऑपरेशनला?"

वॉर्डबॉय फिदीफिदी हसले. इंजिनीअरही हसत हसत आडवा झाला. मावशींनी स्ट्रेचर बोळात घातलं. त्यांना फक्त ते दार दाखवायचं होतं, पण दारापाशी एक कुटुंब उभं होतं. एक बाई भिंतीला डोकं टेकून रडत होती. शेजारच्या मुलीनं कुणाच्या तरी चपला हातात खाली लोंबत्या धरल्या होत्या, आणि आडव्या पडलेल्या इंजिनीअरच्या डोळ्यांसमोरून त्या अगदी वीतभर अंतरावरून गेल्या. मावशींनी मान खाली घातली आणि चाकांचा आवाज न करता स्ट्रेचर पुढे काढलं.

बोळ संपल्यावर तो उठून बसला.

"रोज असं असतं?"

"रोज नसतं. पण कधी असेल ते सांगता येत नाही. म्हणून ऑपरेशनचा एकही पेशंट मी इथनं नेला नाही. एकोणीस वर्षांत एकही नाही." हे सांगताना मावशींची मान ताठ झाली होती, आणि का होऊ नये?

"तुम्ही कुठून नेता?"

त्यांनी नेलं. लहान मुलांच्या वॉर्डावरून, खिडक्यांच्या लांब व्हरांड्यातून. इंजिनीअर या वेळी पायी चालला. पावलं मोजली, बोळाच्या वाटेपेक्षा शंभरावर चार जास्त भरली. त्यानं नकाशावरची बोळातली रेघ खोडून व्हरांड्यातून नवी ओढली आणि बोळातला खडू स्वतः ओल्या फडक्यानं पुसला.

पट्टी लागून महिना झाला. मावशींना आता वाट विचारणारे उरले नव्हते. पहिले काही दिवस त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, नाही असं नाही. एकदा ड्यूटी संपवून, घरच्या कपड्यांत त्या व्हरांड्यात थांबल्या होत्या. एक म्हातारेबुवा बायकोची चाकाची खुर्ची ढकलत आले. म्हातारी खिडकीतून बाहेर बघत होती. मावशींना नुसतंच उभं पाहून बुवा थांबले.

"वाट चुकलात का हो, ताई? घाबरू नका. ही निळी पट्टी दिसते ना? हिच्यावरनं माझ्या मागून या. मी नेतो तुम्हाला."

मावशी पट्टीवर येऊन उभ्या राहिल्या.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागोमाग थिएटरच्या दारापर्यंत गेल्या.