पाच नंबरच्या खोलीतली बेल

“मॅडम, दोन ओळी लिहून द्या. सिस्टम चेक केली, बराबर आहे. खाली सही, शिक्का. बाकी मैं देख लूंगा.”

डॉक्टरसाहेबांनी टेबलावरून पेन माझ्याकडे सरकवलं. केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. डॉक्टर, मी, पाच नंबरच्या पेशंटचा मुलगा आणि दाराशी उभी असलेली मेश्राम सिस्टर. मी सही केली की सिस्टरची नोकरी गेली, हे चौघांनाही माहीत होतं. नुसती नोकरी गेली असती तरी चाललं असतं. कागदावर ‘निष्काळजीपणा’ लिहिला जाणार होता. गोंदियात दवाखाने किती, आणि डॉक्टर एकमेकांना ओळखतात किती! एकदा नाव खराब झालं की पोरीला रामनगरपासून स्टेशनपर्यंत कोणी दारात उभं केलं नसतं.

आधी माझं काम सांगते. घरात दोनशे तीस व्होल्टची वायरिंग करतो तो इलेक्ट्रिशियन. तो गेला की मी येते. सीसीटीव्ही, इंटरकॉम, इंटरनेटच्या केबली, कार्डावर उघडणारे दरवाजे, राइस मिलमधले सेन्सर. जे जे बारा-चोवीस व्होल्टवर चालतं ते सगळं माझं. याला लो-व्होल्टेज म्हणतात. शॉक बसत नाही म्हणून लोकांना हे काम पोरखेळ वाटतं. त्यात बाई करते म्हटल्यावर तर विचारूच नका. एकवीस वर्षं झाली, अजून फोनवर म्हणतात, “मिस्त्रीको दो.” अरे बाबा, मीच मिस्त्री!

या वीस खाटांच्या दवाखान्यात मी डिसेंबरमध्ये नर्स-कॉल बसवला होता. म्हणजे प्रत्येक खाटेशी एक बटन. पेशंटनं दाबलं की बटनावर लाल लाइट लागतो, नर्सच्या टेबलाजवळच्या पॅनलवर खोलीचा नंबर येतो आणि बेल वाजते. साधी गोष्ट. पाच महिने एक तक्रार नव्हती.

मग मे महिना आला. भर दुपारी पाच नंबरच्या आजोबांच्या हातातली सलाइनची सुई सरकली. हात कोपरापर्यंत सुजला. सिस्टर राउंडला गेली तेव्हा तिला ते दिसलं. आजोबांनी सांगितलं की त्यांनी किती तरी वेळा बटन दाबलं. सिस्टर म्हणाली, बेल वाजलीच नाही.

“माह्या बापानं सात-आठ खेपा दाबलं,” मुलगा केबिनमध्ये परत परत तेच सांगत होता. “लाल लाइट लागला. जेवाले निंगालो तवा मी सोता पाहिला ना जी. अन ही बाई म्हणते, बेल नाई वाजली. मोबाइल पाहून राहिली असंन!”

“मोबाइल लॉकरमध्ये होता,” सिस्टर म्हणाली. “बेल वाजली असती तर मी धावत गेले असते.”

खरं सांगते, मला तिचा राग आला होता. आदल्या दोन दिवसांत मी तीन वेळा येऊन पाच नंबरची बेल तपासली होती. तिन्ही वेळा खणखणीत वाजली. आणि ही पोरगी माझ्या सिस्टमला खोटं पाडून राहिली! स्वतःची चूक झाकायला लोक मशीनवर ढकलतात, हे मी फार पाहिलं आहे. तिसऱ्या वेळी तर मी तिला तोंडावर म्हटलं होतं, “सिस्टर, तारांना डुलकी लागत नाही.” तिनं माझ्या हातात स्टूल दिलं आणि निघून गेली.

तर मी लिहायला घेतलं. तारीख टाकली. दवाखान्याचं नाव टाकलं. पुढं त्या बटनाच्या युनिटवरचा नंबर लिहायचा होता, तो काही मला पाठ नव्हता. मी उठले. आजोबांना दुसऱ्या खोलीत हलवून पाच नंबरला आता एक बाई पेशंट ठेवली होती, म्हणून सिस्टरही मागोमाग आली. कागद टेबलावर अर्धाच राहिला.

खोलीत अर्जुनी मोरगावकडच्या एक आजी पायाला प्लास्टर लावून पडल्या होत्या. खिडकीत कूलर धडधडत होता. गोंदियाच्या मे महिन्यात कूलर म्हणजे घरातला माणूसच. मी नंबर उतरवला. एवढी आलेच आहे तर जाता जाता एकदा दाबून पाहू म्हणून बटनाकडे हात नेला. सिस्टर लगेच कूलर बंद करायला वळली.

“अवं, काऊन बंद करून राहिली वं?” आजी कडाडल्या.

“दोनच मिनिटं आजी. ताईंना बेल ऐकायची आहे.”

“आग लागो तुह्या बेलीले! मरून राहिली मी उकाड्यानं. हात नोको लावू त्याले!”

सिस्टरनं हात मागं घेतला. मला हसू आलं. मी कूलर चालू असतानाच बटन दाबलं. लाल लाइट लागला.

बेल काही ऐकू आली नाही.

कूलरच्या आवाजात दबली असेल, असं मला वाटलं. मी सिस्टरला बाहेर पॅनलपाशी उभं केलं आणि परत दाबलं. “वाजली?”

“नाही ताई.”

“आता?”

“नाही.”

“नंबर तरी आला?”

“काहीच नाही ताई.”

मी आजींच्या हातापाया पडून कूलर एक मिनिट बंद करवला. बटन दाबलं. टिंग-टाँग! कूलर चालू केला. दाबलं. सामसूम. बंद केला, टिंग-टाँग. चालू, सामसूम. दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच. आजी म्हणाल्या, “पागल झाली का ही बाई?” झालेच होते मी पागल.

मग डोक्यात प्रकाश पडला. तिन्ही टेस्टिंगच्या वेळी मी खोलीत शिरले की सिस्टर पहिल्यांदा कूलर बंद करायची. ताईंना नीट ऐकू यावं म्हणून, बोलता यावं म्हणून. आमच्याकडे तशीच रीत आहे. पाहुणा आला की टीव्ही बंद, मिस्त्री आला की कूलर बंद. बिचारी मला मदत करत होती, आणि दर वेळी स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा स्वतःच्या हातानं बंद करत होती. आणि मी? मी तिला डुलकीवरून टोमणा मारून बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण कारण सापडायला हवं होतं. स्टूलवर चढले, दारावरचा बॉक्स उघडला. आत माझी पांढरी बारीक केबल होती. आणि तिला चिकटून एक काळी जाडजूड केबल त्याच पाइपात घुसलेली. माझं डोकंच फिरलं. तिथूनच दवाखान्याच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

“राजू! पाच नंबरमध्ये माझ्या पाइपात कूलरची लाइन कोणी ओढली?”

“मीच ओढली ताई.”

“कोणाला विचारून?”

“तुम्हालाच विचारून.”

“मला?”

“हो ना. एप्रिलमध्ये, कूलर लागायच्या आधी. पाच नंबरची खोली पहिले स्टोअररूम होती, तिथं कूलरचा पॉइंट नव्हता. मी फोन केला तेव्हा तुम्ही लग्नात होत्या. बँड वाजून राहिला होता. मी म्हटलं, तुमच्या पाइपात जागा आहे, काढून घेऊ का? तुम्ही म्हणाल्या, घे घे, जागा आहे तर घे.”

आठवलं. माझ्या भाचीचं लग्न, नागऱ्याला. वरात दारात आली होती आणि मी एका कानात बोट घालून फोनवर बोलत होते. घे घे.

आमच्या धंद्यातला पहिला नियम हाच आहे की विजेची केबल आणि आपली केबल एका पाइपात टाकायची नाही. शॉकचा धोका तर आहेच. शिवाय बेलचं बटन पॅनलला जो निरोप पाठवतं तो अगदी हलका असतो. शेजारून दोनशे तीस व्होल्टवर जुन्या कूलरची मोटर धडधडत असेल, तर निरोपात इतकी खरखर मिसळते की पॅनलला तो ओळखूच येत नाही. बँडबाजाशेजारी कोणी कुजबुजावं तसं. लाल लाइट बटनातच लागतो, म्हणून पेशंटला वाटतं निरोप गेला. गेलेला नसतो. हे मी माझ्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी शिकवते. आणि लग्नाच्या गडबडीत मीच घे घे म्हणून मोकळी झाले.

स्टूलवरून उतरताना एक विचार मनात आला, तो लपवत नाही. राजूच्या नावावर ढकलता आलं असतं. लग्नातलं ते फोनवरचं बोलणं कोणी ऐकलं होतं? पण सिस्टर खालून माझ्याकडे पाहत होती. दोन दिवस ती खरंच सांगत होती आणि तिचं कोणी ऐकलं नव्हतं.

“चल गं,” मी म्हटलं. “आता मी बोलते.”

केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की बेल वाजलीच नव्हती. मुलगा ताडकन उठला.

“आतापावतर बराबर होती, अन आता बिघडली? दोघी बाया मिळून शेंडी लावून राहिल्या आमाले!”

डॉक्टरही वैतागले. “मॅडम, अभी तो आप लिख रही थीं ना?”

“साहेब, लिहिणंबिहिणं ठेवा बाजूला. तुम्ही स्वतः पाच नंबरला जा. कूलरला हात लावू नका. बटन दाबा आणि नर्स यायची वाट पाहा. आणि भाऊ, तुम्ही माझ्यासोबत पॅनलपाशी उभे राहा. बेल वाजली तर मला सगळ्यांसमोर काय बोलायचं ते बोला.”

डॉक्टर गेले. आम्ही पॅनलसमोर उभे राहिलो. मी, सिस्टर, तो मुलगा. काउंटरवरचा रिसेप्शनिस्टही उठून आला. औषधं घ्यायला आलेले चार लोक थांबले. पॅनल गप्प. एक मिनिट गेलं. दोन गेली. मुलगा पॅनलवर डोळे रोखून उभा, जणू त्यातून कोणी बाहेर येणार आहे. आत्ताच जर वाजली तर?

चार मिनिटांनी पाच नंबरचं दार धाडकन उघडलं. डॉक्टर लालबुंद.

“अरे, कोई आया क्यों नहीं? बीस बार दबाया मैंने!”

मग तो मुलगाच हळू आवाजात म्हणाला, “वाजलीच नाई जी, साहेब.”

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला नाचावंसं वाटलं! मोठमोठ्या मिलची कामं केली, साहेबांकडून सत्काराच्या शाली घेतल्या, पण ‘वाजलीच नाई जी’ या तीन शब्दांइतकं गोड कधी काही कानावर पडलं नाही. सिस्टरनं ॲप्रनचा खिसा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“यह गलती किसकी है?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझी,” मी म्हटलं. आणि लग्नाच्या फोनपासून सगळं सांगितलं. टोमण्याचंही सांगितलं. सिस्टरला सगळ्यांसमोर म्हटलं, “चुकले मी. माफ कर.” केबिनमधला तो अर्धा कागद मी तिथंच मागवून घेतला आणि पुढं लिहिलं की दोष वायरिंगमध्ये होता, जबाबदारी माझी, सिस्टरची काहीही चूक नाही. सही, शिक्का.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. माणूस कडक आहे, पण खोटा नाही. “सॉरी, सिस्टर,” ते सगळ्यांसमोर म्हणाले.

सिस्टर म्हणाली, “सर, सॉरी राहू द्या. उद्याच्या ड्यूटीचार्टवर माझं नाव नाही. ते लावा.”

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवरच्या चार्टवर तिचं नाव तिथंच लिहिलं.

पेशंटचा मुलगा चुळबुळत उभा होता. शेवटी म्हणाला, “बाई, मी तुले लगीत बोललो, नाई नाई ते बोललो.”

“ते जाऊ द्या,” ती म्हणाली. “आजोबा आज घरी चालले ना? त्यांना बसवा इथं. सूज किती उतरली ते मला पाहू द्या.” आणि खरंच तिनं आजोबांना बाकावर बसवलं, हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट वाकवून पाहायला लागली. आजोबा मुलाला म्हणाले, “म्या कालच सांगितलं होतं, हे पोरगी चांगली हाय मनून.” मुलानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजू आणि मी कूलरची लाइन वेगळ्या पाइपातून काढली. मग सगळ्या खोल्यांचे बॉक्स उघडून पाहिले. बाकी सगळं स्वच्छ होतं. मेश्राम सिस्टर अजून तिथंच आहे. सौंदडहून गाडीनं येते, आणि आता नव्या मुलींना तीच शिकवते.

मी माझी टेस्टिंगची पद्धत बदलली. आता खोलीत कूलर, पंखा, टीव्ही, मिक्सर, जे काही चालू असेल ते चालूच ठेवायला सांगते, आणि बंद असेल ते चालू करवते. आवाजानं डोकं उठतं. ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलावं लागतं. घरमालकिणी म्हणतात, ताई, बंद करू का जरा? मी म्हणते, हात लावू नका. एकवीस वर्षं मी शांत खोल्या तपासून पास करत आले, आणि अशा शांत खोलीत पेशंट कधी राहतच नाही.