पुढे शिवलेली पानं

आमच्या वाचनालयात पुस्तक फाटतं, पण मरत नाही. हे मी अभिमानाने सांगतो. मोठ्या शहरांतली वाचनालयं मी पाहिली आहेत. तिथे पुस्तकाचा कणा मोडला की त्याला रद्दीची वाट दाखवतात. आमचे ग्रंथपाल ते पिशवीत घालतात आणि दोन गल्ल्या पलीकडे खळमावशीच्या दारात नेऊन ठेवतात. पंधरा दिवसांनी ते नव्या पुठ्ठ्यात, ताठ मानेने परत येतं.

मैद्याची खळ ती स्वतः शिजवते. कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकते. त्या खळीचा आंबूस वास तिच्या बाह्यांना आहे, दाराच्या कडीला आहे, तिने दिलेल्या पाण्याच्या पेल्यालासुद्धा आहे. नवरा बाइंडर होता. तो गेला तेव्हा एक पुस्तक चौकटीवर अर्धं शिवून राहिलं होतं. आठवड्याने तिने ते पुरं केलं, मग दुसरं घेतलं, आणि तीस वर्षं झाली तरी हात थांबलेला नाही. पुस्तकाच्या पाठीवरचं नावही तीच लिहिते. तिचा ळ ओळखू येतो. त्याचं एक वेटोळं मोठं, एक लहान, जणू कुणी एकच कान टवकारला आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं शिवलेली असतात. वाचून झालं की शिसपेन्सिलीने मत लिहायचं, नाव घालायचं नाही. नाव नसलं की माणूस खरं बोलतो, कधी कधी नको तेवढं. पुस्तक दुरुस्तीला गेलं की मतांची पानं काढून नवी कोरी लावायची, आणि जुनी पानं खळ लावून कण्याला आतून अस्तर म्हणून चिकटवायची. म्हणजे आमच्या निम्म्या पुस्तकांचा कणा गावाच्याच मतांवर उभा आहे.

गेल्या वर्षी एक पुस्तक आलं. एका निवृत्त कोर्टकारकुनाने लिहिलेली खरी हकिगत होती. एका गोडबोल्या माणसाने एकट्या राहणाऱ्या चाळीस म्हाताऱ्यांना कसं गंडवलं, त्याची. वाचायला रांग लागली. सात महिन्यांत पुस्तकाचे टाके उसवले आणि ते मावशीच्या टेबलावर येऊन पडलं.

टाके तोडण्याआधी ती मतं वाचते. ती तिची करमणूक. त्या दिवशीही खिडकीशी पानं नेऊन ती वाचू लागली.

‘भामट्याला लेखकाने फारच देखणा केलाय. जावई करून घ्यावासा वाटतो.’

‘हाव नडली. दुसरं काय?’

‘शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका. यादी हवी असल्यास देईन.’

‘एवढी पांढरी डोकी, आणि एकातही अक्कल नाही?’

‘असल्या लोकांना मुलंबाळं नसतात का?’

मावशीला मूल आहे. एक लेक, बसने दोन तासांवर, दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसते. ती दीड वर्षापासून आईला म्हणत होती, माझ्याकडे ये. घराला लागून एक खोली बांधू, तुझी पुंजी आहे ना, ती घालू. आणि मावशी दर रविवारी फोनवर म्हणायची, ‘बघू.’

कारण पुंजी नव्हती. दीड वर्षापूर्वी तिच्याकडेही एक जण आला होता. पुस्तकातला नव्हे, पण त्याच माळेतला दुसरा मणी. पेन्शनच्या ऑफिसातून आलो म्हणाला. दोन महिने रोज सकाळी येत होता. ती दोरा ताणून धरायची, तो मेण लावायचा. मग एका कागदावर सही झाली आणि माणूस यायचा थांबला. पुंजी गेली. मेणाच्या गोळ्यावर त्याच्या बोटांचे ठसे तेवढे राहिले. ते मेण तिने टाकलं नाही, वापरलंही नाही, आणि ही गोष्ट कुणाला सांगितलीही नाही.

चौथ्या पानावर जागा कोरी होती. तीस वर्षांत मावशीने कधी मत लिहिलं नव्हतं. त्या दिवशी तिने पेन्सिल उचलली. पान तर कण्याच्या आत चिकटून जाणार होतं. भिंतीशी बोलावं तसं तिने लिहिलं:

‘हाव नव्हती. तो रोज सकाळी यायचा आणि विचारायचा, काल झोप लागली का. असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. रोज येणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला कळलं नाही. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. तो यायचा थांबला त्याचंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटते. लेकीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मला तिच्याकडे जायचंच नाही.’

मग डोळे पुसून ती शिवायला बसली.

शिवण मागून पुढे जाते. आधी शेवटची कोरी पानं, मग पुस्तक, आणि सगळ्यात शेवटी पुढची कोरी पानं. कोरे कागद उजवीकडे ठेवायचे, जुनी मतं डावीकडे, हा तिच्या टेबलाचा तीस वर्षांचा नियम. पण त्या दिवशी मतं खिडकीपाशी जाऊन आली होती, आणि परत येताना उजवीकडे बसली होती. शेवटी हात सवयीने उजवीकडे गेला. सुई ओवलेली, डोळे अजून ओले. टाके पडले, खळ लागली, पुठ्ठा चढला.

शनिवारी वाचनालयात ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं.

“मावशी, हे काय? हे पुस्तक पायाळू जन्मलं की!”

मावशीने पाहिलं. मतं पहिल्याच पानापासून, आणि चौथ्या पानावर तिचं अक्षर.

“द्या इकडे. उसवते.”

“उसवता काय? अकरा जणांनी नंबर लावलाय. पुस्तक राहील बाजूला, मलाच उसवतील.”

“अहो, जुनी मतं पुढे कशी चालतील?”

“लग्नाआधीच सासू भेटलेली बरी. जाऊ द्या,” असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. त्यांनी चौथं पान वाचलं होतं की नाही, तिला कळलं नाही. ते चष्मा पुसत होते.

पुढचे तीन आठवडे मावशीला गल्लीत कुणी हसलं तरी वाटे, आपल्यालाच. चौथ्या शनिवारी पुस्तक परतीच्या टेबलावर दिसलं. कपाटाकडे तोंड करून, उभ्या उभ्याच तिने पान उघडलं. तिच्या ओळींखाली पान भरत आलं होतं.

‘बाई, वर “हाव नडली” मीच लिहिलं होतं. खोडायला रबर आणलं होतं. पण खोडलं तर तुम्ही कुणाला उत्तर दिलंत ते पुढच्याला कळणार नाही. म्हणून राहू देतो. चुकलो.’

‘आमच्या वडिलांचंही असंच झालं. जेवताना आम्ही त्यांची चेष्टा करायचो. काल त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. बोललो काही नाही. बसलो.’

‘यादी मागे घेतो. तुमच्या लिहिण्यात एकही चूक नाही. लेखकाने शिकावं.’

आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘लेकीला सांगा. मी लेक आहे. आईने मला सांगितलं नाही, ती गेल्यावर कागदांत सापडलं. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.’

मावशीने पुस्तक पिशवीत घातलं. ग्रंथपालांनी नंबर विचारला नाही.

रविवारी लेकीचा फोन आला. “आई, तुला यायचं नसेल तर सरळ सांग ना. ‘बघू’ ऐकून माझे कान किटले.”

“तूच ये. एक पुस्तक ठेवलंय तुझ्यासाठी.”

“मला पुस्तक नकोय, उत्तर हवंय.”

“त्यातच आहे.”

लेक आली ती फुगूनच. पुठ्ठा कापायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून तिने पान उघडलं. ‘जावई करून घ्यावासा’ या मतावर हसली. “अक्कल नाही, हे मात्र खरं हं. आमच्या खिडकीवर रोज येतात असले. कुठेही सही करतात.” मावशी खळ ढवळत राहिली. खळ कधीच शिजली होती.

चौथं पान आलं. लेकीचं बोट एका अक्षरावर थांबलं.

“माझ्या वह्यांवर ‘शाळा’ असंच लिहायचीस तू. बाईंनी विचारलं होतं, हा ळ आहे की मोडका चष्मा?”

मावशी खळ ढवळायची थांबली.

“दीड वर्षं, आई! दीड वर्षं मी तुझ्यावर रुसून बसले. तो मेला पैसे घेऊन गेला आणि रुसवा माझ्या गळ्यात टाकून गेला.” लेकीने नाक पुसलं. “खोलीसाठी थांबलीस तू?”

“हात रिकामे. कुठल्या तोंडाने यायचं?”

“जे आहे त्याच तोंडाने. मी काय खोलीला बोलावलं होतं? माझ्या खोलीत झोप. फक्त घोरायचं नाही.”

“मी घोरत नाही.”

“लिहू का इथे? लोकच ठरवतील.”

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. खळ मात्र बुडाला लागली. मावशीच्या हातून ती पहिल्यांदाच लागली असेल.

आता मावशी लेकीकडे असते. एक शनिवार आड बसने येते, दुरुस्त पुस्तकं देते, फाटकी नेते. ते मेण तिने लेकीच्या हातात दिलं होतं. लेकीने ते चुलीत टाकून नवं आणून दिलं. जायच्या आधी मावशीने त्या पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली: ‘सांगितलं. लेक न्यायला आली. ज्यांनी लिहिलं त्यांचे उपकार आहेत.’

हे सगळं लिहू का, असं विचारायला मी गेलो, तेव्हा ती वाचनालयाच्या पायरीवर बसची वाट पाहत बसली होती.

“लिहा की,” ती म्हणाली. “आणि ते खोडलं नाहीत ते बरं केलंत.”

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. माझे कान तापले.

“तीस वर्षं सगळ्यांची मतं वाचतेय मी,” ती म्हणाली. “कुठलं अक्षर कुणाचं, मला कळत नाही होय? ‘हाव’ वाचली त्याच दिवशी ओळखलं होतं. ती बारीक अक्षरवाली लेकही मला ठाऊक आहे. तिचं नाव मात्र विचारू नका, सांगणार नाही.”

बस आली. मी तिची पिशवी वर चढवून दिली. पिशवी जड होती आणि तिला खळीचा वास होता.