कपाळावरची ओली पट्टी

मला राग आला की तो काढायला कुणीतरी लागतं. त्या दिवशी दवाखान्यातली सिस्टर सापडली.

आईला दोन दिवस थंडी वाजून ताप येत होता. वाशीच्या दवाखान्यात नेताना रिक्षात मी बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतो. आमच्याकडं ताप म्हटलं की आधी पट्टी, मग डॉक्टर. दवाखान्याच्या दारात मी पट्टी काढली आणि सिस्टरनं ताप मोजायची बंदूक कपाळासमोर धरली. आकडा आला सत्त्याण्णव. ताप नाही म्हणत तिनं दोन गोळ्या देऊन आम्हाला परत पाठवलं. अंग भाजतंय, हात लावून तर बघा, असं म्हणत मी तिला नाही नाही ते बोललो. तिनं पुन्हा आकडा दाखवला. त्यावर मी आईला घेऊन घरी आलो, कारण हातावर नको, थर्मामीटरवर विश्वास ठेवा, असं पोरांना वर्गात मीच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बरळायला लागली. पुन्हा नेलं. डॉक्टरांनी काखेत काचेचा थर्मामीटर लावला, पारा एकशे चारवर गेला. लगेच भरती केलं. असली बंदूक भंगारात घाला म्हणून मी डॉक्टरांवरही घसरलो. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, काल कपाळावर पट्टी होती का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातवीला मीच शिकवतो हे. पारा तापला की फुगतो आणि नळीत चढतो. डिजिटल थर्मामीटरच्या टोकातला तुकडा तापला की त्यातून जाणारी वीज बदलते. हे दोन्ही अंगाला लावून धरावे लागतात. बंदूक अंगाला शिवत नाही, कातडीतून बाहेर पडणारी उष्णता तेवढी टिपते. तिनं मी गार केलेलं कपाळ अगदी बरोबर मोजलं होतं. आईचा एक दिवस मी घालवला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चौथ्या दिवशी आई उठून बसली. शेजारच्या खाटेपाशी तीच सिस्टर सलाईन बदलत होती.

"पयल्या दिशीच का न्हाय ठिऊन घेतलं रं मला?" आईनं विचारलं.

"त्यांचं मशीन बिघडलं हुतं," मी म्हणालो.

सिस्टर भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडं बघून निघून गेली. त्याचा राग अजून जात नाही.